रॉय कीनची मोजपट्टी

रॉय कीनचा जन्म १० ऑगस्ट १९७१ रोजी आयर्लंडच्या दक्षिण टोकाकडील कॉर्क शहरात, मेफिल्ड या कामगारवस्तीत झाला. लहानपणी तो थोडेफार बॉक्सिंग करायचा, पण जीव फुटबॉलमध्ये. रॉकमाउंट या स्थानिक क्लबातून तो खेळू लागला. त्या काळी आयर्लंडमधल्या गुणी मुलांचा रस्ता ठरलेला होता. पंधराव्या-सोळाव्या वर्षी एखाद्या इंग्लिश क्लबाच्या हेरांची नजर पडायची आणि मुलगा बोट पकडून इंग्लंडला जायचा. कीनच्या सोबतची मुले अशी गेली, तो मात्र मागे राहिला. चणीने तो फार लहान दिसे. त्याने इंग्लिश क्लबांना स्वतः पत्रे लिहून चाचणीची संधी मागितली, त्यातूनही काही निष्पन्न झाले नाही.

१९८९ मध्ये त्याला कोव्ह रॅम्बलर्स या छोट्या क्लबाने घेतले. कोव्ह म्हणजे कॉर्कजवळचे बंदर. टायटॅनिक जहाज अटलांटिकमध्ये शिरण्यापूर्वी शेवटचे थांबले ते इथे. या क्लबात पूर्ण वेळ खेळून पोट भरण्याची सोय नव्हती. पण आयर्लंडमध्ये तरुण फुटबॉलपटूंसाठी सरकारी प्रशिक्षणाचा एक अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि कोव्हच्या वाट्याची जागा कीनला मिळाली. आठवडाभर डब्लिनमध्ये सराव आणि शनिवार-रविवारी कोव्हसाठी सामना, असे त्याचे वेळापत्रक झाले. रोजच्या व्यायामाने अंग भरले, दम वाढला. युवा गटातल्या एका सामन्यात कोव्हचा संघ सपाटून हरला. तरीही नॉटिंगहॅम फॉरेस्टचे हेर नोएल मॅकेब यांनी हरलेल्या संघातला हाच मुलगा टिपून ठेवला. १९९० मध्ये फॉरेस्टने त्याला ४७,००० पाउंडांना विकत घेतले.

फॉरेस्टचे मॅनेजर होते ब्रायन क्लफ. इंग्लिश फुटबॉलमधला मॅनेजर हा नुसता प्रशिक्षक नसतो. संघ निवडणे, डावपेच ठरवणे, खेळाडू विकत घेणे, नको असलेले विकणे आणि हरल्यावर शिव्या खाणे ही सगळी कामे त्याच्याकडे असतात. निदान त्या काळी तरी होती. क्लफ यांनी फॉरेस्टसारख्या मध्यम क्लबाला १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकून दिला होता. अत्यंत लहरी माणूस. २८ ऑगस्ट १९९० रोजी लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर सामना होता. कपडेपट लावायला मदतीला म्हणून आपल्याला आणले आहे, अशी एकोणीस वर्षांच्या कीनची समजूत होती. क्लफ यांनी त्याला थेट संघातला शर्ट चढवायला सांगितले. फॉरेस्ट ०-२ असे हरले, पण कीनची जागा पक्की झाली.

पुढच्या जानेवारीत क्रिस्टल पॅलेसविरुद्ध कपच्या सामन्यात कीनने आपल्याच गोलरक्षकाकडे पाठीमागे दिलेला पास फसला आणि गोल बसला. सामन्यानंतर तो कपडे बदलायच्या खोलीत आला, तेव्हा क्लफ यांनी त्याला ठोसा लगावून खाली पाडले. कीनने पुढे आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला, पण त्याबद्दल राग धरलेला दिसत नाही. क्लफ यांच्याविषयी तो कायम आदरानेच बोलला. फॉरेस्टमधल्या तीन वर्षांत एफए कप आणि लीग कप अशा दोन अंतिम फेऱ्या त्याच्या वाट्याला आल्या, दोन्हीत पराभव. १९९३ मध्ये प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात फॉरेस्ट तळाला जाऊन खालच्या विभागात घसरले आणि क्लफ निवृत्त झाले.

कीनला आता मागणी होती. ब्लॅकबर्न रोव्हर्सशी तोंडी सौदा ठरलाही. मात्र दिवस शुक्रवारचा, कचेरीतली माणसे घरी गेलेली, त्यामुळे कागद तयार झाले नाहीत. सह्या सोमवारी करू असे ठरवून कीन कॉर्कला गेला. त्या दोन दिवसांत मँचेस्टर युनायटेडच्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचा फोन आला आणि ब्लॅकबर्न मागे पडले. ३७ लाख ५० हजार पाउंड ही तेव्हाची ब्रिटिश फुटबॉलमधली विक्रमी किंमत होती.

कीन मिडफिल्डर होता. मिडफिल्डर म्हणजे बचावफळी आणि आघाडी यांच्यामधला खेळाडू. मैदानाचा कणाच म्हणायचा. प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घ्यायचा, तो पुढच्याला नेमका द्यायचा, आणि पास दिल्याबरोबर पुन्हा हलायचे, म्हणजे तो चेंडू परत घेता येतो. हे नव्वद मिनिटे. कीनकडे या कामातले एक एक कसब चांगले होते, अलौकिक एकही नव्हते. त्याचे पास बहुतेक वेळा दहा-पंधरा यार्डांचे, साधे, पण वेगात आणि सहकाऱ्याच्या योग्य पायावर. टीव्हीवर फक्त चेंडूकडे पाहणाऱ्याला त्याची किंमत अर्धीच कळत असे. सहकाऱ्याचा पास जरा ढिला आला की कीन हात पसरून त्याच्यावर ओरडायचा आणि तो पास चुकू नये म्हणून स्वतः पाच पावले जास्त धावायचा. आपली मोजपट्टी इतरांनाही लावायची, हा त्याचा स्वभाव. त्याच्या यशाचे आणि पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळ तिथेच आहे.

पहिल्याच हंगामात, १९९३-९४ मध्ये, युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. १९९६ मध्ये पुन्हा तेच. १९९७ च्या उन्हाळ्यात एरिक कँटोना यांनी अचानक निवृत्ती घेतली आणि कप्तानपद कीनकडे आले. पण त्या हंगामात ते जेमतेम दोन महिने टिकले. सप्टेंबरमध्ये लीड्सविरुद्ध आल्फ-इंगे हालांड या नॉर्वेजियन खेळाडूला पाडण्याच्या नादात कीनचाच गुडघा पिळवटला आणि आतला अस्थिबंध तुटला. तो वेदनेने लोळत असताना हालांड वर वाकून, ढोंग करू नकोस, असे सुनावून गेले. कीन उरलेला हंगाम बाहेर बसला, आणि त्याच्याविना युनायटेडने लीगचे विजेतेपद आर्सेनलला गमावले.

तो परतला ते १९९८-९९ च्या हंगामात. लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग ही तिन्ही विजेतेपदे एकाच वर्षी, असा पराक्रम तोवर एकाही इंग्लिश क्लबाने केला नव्हता. २१ एप्रिल १९९९ रोजी ट्युरिनमध्ये युवेंटसविरुद्ध उपांत्य फेरीची दुसरी लढत होती. पहिली १-१ अशी सुटलेली. इथे अकरा मिनिटांतच फिलिपो इन्झागीने दोन गोल केले आणि युनायटेड जवळजवळ संपले. चोविसाव्या मिनिटाला डेव्हिड बेकहॅमने कॉर्नरवरून चेंडू उचलला. कीन जवळच्या खांबाकडे धावत आला आणि डोक्याने त्याने तो गोलात वळवला. आनंद साजरा करायला तो थांबलाच नाही, वळून सरळ आपल्या अर्ध्या मैदानाकडे धावत सुटला. दहा-एक मिनिटांनी झिनेदिन झिदानला पाडल्याबद्दल त्याला पिवळे कार्ड मिळाले. स्पर्धेतल्या आधीच्या कार्डांच्या हिशेबाने ते असे कार्ड होते, की संघ अंतिम फेरीत गेला तरी कीन तिथे खेळू शकणार नव्हता. उरलेला तासभर त्याने मधली फळी अक्षरशः ताब्यात ठेवली आणि युनायटेडने सामना ३-२ असा जिंकला. कीनचा सर्वोत्तम सामना कोणता, या प्रश्नाला फुटबॉलवेडे लोक बहुधा हेच उत्तर देतात आणि ते बरोबरच आहे. २६ मे रोजी बार्सिलोनात युनायटेडने इंज्युरी टाइममधल्या दोन गोलांनी बायर्न म्युनिकला २-१ असे हरवले, तेव्हा कप्तान सूट घालून बाजूला बसलेला होता. तो करंडक आपण मिळवला असे आपल्याला कधी वाटलेच नाही, अशी कबुली त्याने नंतर दिली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत ब्राझीलच्या पाल्मेइरासविरुद्ध इंटरकॉन्टिनेन्टल कपचा सामना झाला, त्यातला एकमेव गोल कीनचा. २००० मध्ये खेळाडूंच्या संघटनेने आणि फुटबॉल पत्रकारांनी, दोघांनीही त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवले. त्याच वर्षी त्याने प्रेक्षकांनाही सोडले नाही. काही लोक स्टेडियमवर कोळंबीचे सँडविच खायला येतात, समोर काय चालले आहे हे त्यांना कळत नाही, असे तो उघड बोलला. कंपन्यांच्या पैशाने महागड्या कक्षांत बसणाऱ्या पाहुण्यांना इंग्लिश फुटबॉलमध्ये तेव्हापासून त्या सँडविचवरूनच कायमचे नाव पडले.

या मोजपट्टीची दुसरी बाजू कुरूप होती. प्रीमियर लीगमध्ये त्याने सात लाल कार्डे पाहिली. १९९५ मध्ये कपच्या उपांत्य सामन्यात त्याने क्रिस्टल पॅलेसच्या गॅरेथ साउथगेटवर, म्हणजे इंग्लंडच्या पुढच्या काळातल्या मॅनेजरवर, बुटाचा पाय दिला आणि कीनला मैदानाबाहेर काढले गेले. एप्रिल २००१ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यात हालांड पुन्हा समोर आले. कीनने त्यांच्या उजव्या गुडघ्यावर अशी लाथ घातली, की पंचांना विचार करावाच लागला नाही. हालांड यांची कारकीर्द पुढे लवकर संपली, मात्र त्यांचा जुना त्रास डाव्या गुडघ्याचा होता, हे सांगायला हवे. २००२ च्या आत्मचरित्रात कीनने त्या प्रसंगाचे वर्णन सूड उगवल्याच्या भाषेत केले. फुटबॉल असोसिएशनने त्याच्यावर पाच सामन्यांची बंदी आणि १,५०,००० पाउंडांचा दंड ठोठावला. आज मँचेस्टर सिटीसाठी गोलांचा पाऊस पाडणारा एर्लिंग हालांड हा त्याच आल्फ-इंगे यांचा मुलगा.

आयर्लंडच्या राष्ट्रीय संघात कीन १९९१ मध्ये आला. १९९४ च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात तो खेळला. आयर्लंडने इटलीला १-० असे हरवले ते याच स्पर्धेत. २००२ च्या विश्वचषकाची पात्रता हे बऱ्याच अंशी त्याचे काम होते. डब्लिनमध्ये नेदरलँड्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात पहिल्याच मिनिटाला त्याने मार्क ओव्हरमार्सला असा टॅकल केला, की पुढच्या नव्वद मिनिटांचा सूर ठरून गेला. आयर्लंड १-० असे जिंकले आणि नेदरलँड्सची विश्वचषकाची वाट बंद झाली.

स्पर्धा जपान आणि दक्षिण कोरियात होती. हवामानाची सवय व्हावी म्हणून आयर्लंडचा संघ आधी पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर उतरला. सरावाचे मैदान दगडासारखे कडक. चेंडू आणि सरावाचे सामान अजून पोचलेले नव्हते. एका सरावानंतर गोलरक्षक थकले म्हणून शेवटचा छोटा सामना गोलरक्षकांविना खेळवला गेला. आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या लेखी या किरकोळ अडचणी होत्या. युनायटेडमध्ये मोज्यांपासून जेवणापर्यंत सगळे वेळेवर मिळण्याची सवय झालेल्या कीनला तो देशाच्या संघाचा अपमान वाटला. घरी जातो, असे त्याने सांगितले, मग राहायचे ठरवले. तेवढ्यात त्याने दिलेली एक सविस्तर मुलाखत 'आयरिश टाइम्स'मध्ये छापून आली आणि तीत तयारीची लक्तरे होती.

मॅनेजर मिक मॅकार्थी यांनी २३ मे रोजी सगळ्या संघासमोर त्याला जाब विचारला. इराणविरुद्धच्या पात्रता फेरीतल्या परतीच्या सामन्याला तो दुखापतीचे कारण सांगून गेला नव्हता, तो विषयही निघाला. त्यानंतर कीनने मॅकार्थी यांना खेळाडू म्हणून, मॅनेजर म्हणून आणि माणूस म्हणून काय काय ऐकवले, ते छापण्याजोगे नाही. खोलीतला एकही खेळाडू मध्ये पडला नाही. कप्तान घरी गेला.

आयर्लंडमध्ये यावरून जे झाले ते यादवीपेक्षा कमी नव्हते. घराघरांत दोन तट पडले, पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी मध्यस्थीची तयारी दाखवली, आणि घराबाहेर कुत्र्याला फिरवणाऱ्या कीनमागे कॅमेऱ्यांची रांग लागली. पुढे या प्रकरणावर विनोदी संगीत नाटक आले, २०२५ मध्ये 'सायपान' नावाचा चित्रपटही. कीनविना खेळलेला संघ बाद फेरीपर्यंत पोचला आणि स्पेनकडून पेनल्टींवर हरला. स्पर्धेनंतर संघटनेनेच नेमलेल्या चौकशीने नियोजनातल्या त्रुटी मान्य केल्या आणि सरचिटणीसांना जावे लागले; मॅकार्थी यांनीही त्या वर्षअखेर पद सोडले. मैदान कडक होते, चेंडू आले नव्हते, हे कीनचे म्हणणे खरेच होते. पण विश्वचषकाच्या तोंडावर बावीस सहकाऱ्यांना सोडून जाण्याइतके ते मोठे होते का, यावर आयर्लंडचे आजही एकमत नाही. २००४ मध्ये तो राष्ट्रीय संघात परतला आणि पुढच्या वर्षी ६७ सामने, ९ गोलांवर थांबला.

युनायटेडमधला शेवटही बोलण्यामुळेच झाला. फेब्रुवारी २००५ मध्ये आर्सेनलच्या मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात तो आपला सहकारी गॅरी नेव्हिल याच्यासाठी आर्सेनलच्या पॅट्रिक व्हिएराला भिडला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑक्टोबरमध्ये मिडल्सब्रोने युनायटेडला ४-१ असे धुतल्यावर क्लबाच्या स्वतःच्या वाहिनीवर त्याने सहकाऱ्यांची नावे घेऊन वाभाडे काढले. ती मुलाखत दाखवली गेलीच नाही, पण फुटली. १८ नोव्हेंबर २००५ रोजी फर्ग्युसन आणि कीन वेगळे झाले. युनायटेडसाठी ४८० सामने, ५१ गोल, लीगची सात विजेतेपदे आणि चार एफए कप. नंतरचे सहा महिने ग्लासगोच्या सेल्टिककडून खेळून, तिथेही लीग आणि लीग कप जिंकून, त्याने २००६ च्या जूनमध्ये बूट टांगले.

दोनच महिन्यांनी तो मॅनेजर झाला, आणि तोही संडरलँडचा. या खुर्चीवर मार्चपर्यंत मिक मॅकार्थी बसलेले होते. क्लबाचे नवे अध्यक्ष होते नायल क्विन, सायपानच्या त्या खोलीत मॅकार्थी यांच्या बाजूने असलेले खेळाडू. जुने उणेदुणे विसरून क्विन यांनी त्याला बोलावले. संडरलँड आदल्या हंगामात फक्त १५ गुणांवर प्रीमियर लीगमधून घसरले होते आणि दुसऱ्या विभागातलेही पहिले चार सामने हरून बसले होते. कीनने खरेदीची मुदत संपायच्या दिवशी एकदम सहा खेळाडू आणले. पहिल्याच सामन्यात डर्बीवर विजय मिळाला आणि हंगामाअखेर ८८ गुणांसह विजेतेपद. मार्च २००७ मध्ये बार्न्स्लीला निघालेल्या बसला तीन खेळाडू उशिरा पोचले. कीनने गाडी सोडायला सांगितली, तिघे मागे राहिले आणि सामना संडरलँडने २-० असा जिंकला. मॅनेजर कीनची शैली इतकी चपखल दुसऱ्या कोणत्या प्रसंगात सापडत नाही.

वरच्या विभागात मात्र काम अवघड निघाले. स्कॉटलंडचा गोलरक्षक क्रेग गॉर्डन याच्यावर ९० लाख पाउंड खर्च झाले. पहिल्या वर्षी एव्हर्टनने ७-१ अशी धूळ चारली, तरी संघ पंधराव्या क्रमांकावर तगला. ऑक्टोबर २००८ मध्ये न्यूकॅसलला घरच्या मैदानावर २-१ असे हरवले, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. महिनाभरात चित्र पालटले. बोल्टनकडून घरी ४-१ असा पराभव, आणि ४ डिसेंबरला कीनचा राजीनामा. याच काळातला एक किस्सा त्याने २०१४ च्या दुसऱ्या पुस्तकात सांगितला आहे. हे पुस्तक त्याने कादंबरीकार रॉडी डॉयल यांच्याबरोबर लिहिले. ब्लॅकबर्नचा रॉबी सॅव्हेज घ्यावा असे ठरले होते. कीनने फोन लावला, पलीकडे सॅव्हेजचा आवाज ध्वनिमुद्रित होता, बिअरच्या जाहिरातीतल्या आरोळीसह. कीनने निरोप न ठेवता फोन बंद केला आणि खरेदी तिथेच संपली.

एप्रिल २००९ मध्ये इप्सविच टाउनने त्याला नेमले. पूर्व इंग्लंडमधला हा शांत क्लब; अल्फ रॅम्झी आणि बॉबी रॉब्सन यांनी इथे मॅनेजरकी केली आणि मग दोघेही इंग्लंडच्या संघाचे मॅनेजर झाले. पैसा होता, घाई नव्हती. तरीही पहिल्या पूर्ण हंगामात लीगमधला पहिला विजय मिळायला पंधरावा सामना उजाडावा लागला. तो हंगाम पंधराव्या स्थानावर संपला. पुढच्या हंगामात संघ लीग कपच्या उपांत्य फेरीत पोचला, पण लीगमध्ये एकोणिसाव्या स्थानावर होता, आणि उपांत्य सामना व्हायच्या आत, ७ जानेवारी २०११ रोजी कीनला निरोप मिळाला.

मॅनेजर म्हणून तो का टिकला नाही, याचे एकच उत्तर देता येणार नाही. खेळाडूंची खरेदी काही वेळा फसली, आणि सुरुवातीच्या यशाने अपेक्षा फार वाढवल्या होत्या. पण मैदानावरच्या कीनला एक सोय होती, ती मॅनेजर कीनला नव्हती. सहकारी कमी पडला की तो स्वतः पाच पावले जास्त धावून ती चूक भरून काढत असे. रेषेबाहेर उभ्या माणसाला फक्त ओरडता येते.

सहायक म्हणून त्याचे बरे चालले. नोव्हेंबर २०१३ मध्ये नवे मॅनेजर मार्टिन ओ'नील यांच्याबरोबर तो आयर्लंडच्या संघात परतला. २०१६ च्या युरो स्पर्धेत लील इथे रॉबी ब्रेडीच्या हेडरवर आयर्लंडने इटलीला १-० असे हरवून बाद फेरी गाठली आणि तिथे फ्रान्सकडून १-२ अशी हार पत्करली. ही जोडी २०१८ मध्ये तिथून बाहेर पडली आणि २०१९ मध्ये काही महिने नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये होती. मधल्या काळात तो काही महिने अ‍ॅस्टन व्हिलातही सहायक होता.

नव्या पिढीला कीन माहीत आहे तो टीव्हीवरचा, दाढीवाला, कपाळाला आठ्या घातलेला समीक्षक म्हणून. हरलेल्या संघाचे खेळाडू सामन्यानंतर हसत मिठ्या मारताना दिसले की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. २०२१ मध्ये प्रीमियर लीगने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिसऱ्या विभागात घसरलेल्या संडरलँडने त्याच्याशी पुन्हा बोलणी केली. ती फिसकटली आणि क्लबाने अ‍ॅलेक्स नील यांना नेमले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नील यांनी संडरलँडला दुसऱ्या विभागात परत नेले.